दोघांनी चाखलं, दोघांनी टाकलं

आप्पा,

मी चोरटा नव्हतो. तुम्ही तो शब्द वापरल्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली, त्यातली निम्मी वर्षं तर तुम्ही नाहीतच. तरी सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकीचं सगळं मला तिथूनच आठवतं. ताडकळसच्या लग्नात, मांडवामागं, चार चुलींच्या मधोमध उभं राहून, काका आणि वाढपी ऐकत असताना तुम्ही म्हणालात, "चोरटा हायस तू. दुसऱ्याच्या चुलीवरचं उचलून आनतोस." मी तुमचा मुलगा, तेव्हा तेवीस वर्षांचा. तुमच्या हाताखाली सहा वर्षं आचाऱ्याचं काम केलेलं. त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, मी परभणीची एसटी धरली आणि पुन्हा कधी कुणाच्या मांडवामागं उभा राहिलो नाही. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय. आता उत्तर देतो. तुम्हाला माहीत आहे, मी एखादी गोष्ट सांगायला लागलो की क्रमानं सांगतो, मधलं गाळत नाही.

आधी मीठ. चोरटा म्हणालात ते ताडकळसचं लग्न नंतरचं. त्याच्या महिनाभर आधी पोखर्णीकडच्या एका गावात लग्न होतं, तिथं वरण बिघडलं. तुरीच्या वरणाची मोठी देग, ती मी आणि काका बघत होतो. तुम्ही पुऱ्यांच्या कढईवर होतात. काकांनी वरण चाखलं, आळणी लागलं, ते मीठ आणायला कोठीत गेले. ते कोठीत असताना मी चाखलं. मलाही आळणी लागलं. माझ्याजवळ मिठाची पिशवी होती, मी दोन ओंजळी टाकल्या आणि भाताकडं गेलो. काका परत आले, त्यांनी दोन ओंजळी टाकल्या. पहिला घास वरबापाच्या भावानं घेतला आणि तुमच्याकडं बघत पान पुढं सारलं. तुम्ही आम्हा दोघांना बोलावलं. काका म्हणाले, आळणी होतं म्हणून टाकलं. मी म्हणालो, आळणी होतं म्हणून टाकलं. तुम्ही कपाळावरचा घाम उपरण्यानं पुसला आणि म्हणालात, "दोघांनी चाखलं, दोघांनी टाकलं, आन् दोघंबी खरंच बोलायलेत. आता कुनाला बोलू?" मग वेगळी डाळ शिजवून त्यात मिसळेपर्यंत पंगत पाऊण तास खोळंबली. नवरीचा मामा सारखा येऊन विचारायचा, "आप्पा, डाळ परभणीहून यायलीय का?"

तुमच्या चुलीवर एक नियम होता, तो मात्र कधी चुकला नाही. कढईवरचा माणूस कढई सोडून जायचा असला तर त्यानं झारा दुसऱ्याच्या पुढं करायचा आणि म्हणायचं, "धर." दुसऱ्यानं झारा मुठीत घ्यायचा आणि म्हणायचं, "धरला." धरला ऐकल्याशिवाय पहिल्यानं बोट सैल करायचं नाही. लघवीला जायचं असलं तरी नाही. एकदा काकांनी झारा कढईच्या काठावर ठेवून तंबाखू मळली, तर तुम्ही त्यांना उरलेला दिवस पाणी भरायला लावलं; तुमच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान माणूस, पण लावलं. कढई जळाली तर कुणाच्या हातात जळाली हे ठाऊक पाहिजे, असं तुमचं म्हणणं. पण हा नियम कढईचा होता. मिठाचा नियम तुमच्याकडं नव्हता. मीठ ज्याला वाटेल तो टाकायचा.

तो नियम मला परभणीत मिळाला. पोखर्णीकडचं लग्न झाल्यावर भाड्यानं आणलेल्या दोन देगा परत करायला मी गेलो, तर देगवाल्यानं सांगितलं की त्याच्या घरामागं एक दावत शिजायलीय, संपेपर्यंत बस. मी बसलो नाही, बघायला गेलो. तिथले बावर्ची, त्यांना सगळे चाचाच म्हणायचे, सात देगा चालवत होते. पालथ्या पातेल्यावर एक माणूस नुसता बसलेला, मांडीवर मिठाची पिशवी. कुणी ओरडलं, "तिसरी," की तो उठायचा, तिसऱ्या देगेतलं चाखायचा, मीठ टाकायचा, पुन्हा जाऊन बसायचा. दुसरं कुणी मिठाला हातच लावत नव्हतं. मी चाचांना विचारलं, हा बाकी काही करत नाही का? ते हसले. "नमक एकीच आदमी डालता, बेटा. बाकी सब उसकू बोलते." मी तासभर उभा राहून मोजलं. सात देगा, एक माणूस, एकदाही घोटाळा नाही.

ताडकळसच्या लग्नात मी वाढप्यांतल्या एकाला मिठाची पिशवी देऊन बसवला. सकाळी त्यावरून तुमचं-माझं दोन वाक्यांचं बोलणं झालं, ते शेवटी लिहितो. वरण, भात, दोन्ही भाज्या, सगळं नेमकं उतरलं. दुपारी देगवाला भांडी बघायला आला, त्या बसलेल्या माणसाकडं बघून त्याला हसू आवरेना. "काय आप्पा, चाचांचा मिठवाला तुमच्याकडं बी नोकरीला लागला का?" आणि तुम्ही माझ्याकडं वळलात, आणि तो शब्द आला.

आता माझं उत्तर. तुमचा मसालेभात दमावर शिजायचा, झाकणाला कणीक लावून, वर निखारे ठेवून. ते तुम्हाला कुणी शिकवलं? तरुणपणी हैदराबादला भेटलेल्या एका खानसाम्यानं. वाढताना तुम्हीच सांगायचात, "हा भात मियाँचा हाय, आमी नुस्ता राखलाय." देग हा शब्द तरी आपल्या आज्या-पणज्यांचा आहे का? वांग्यात चिंच तुम्ही घालायला लागलात ती नांदेडच्या एका आचाऱ्याचं बघून, हेही मला तुमच्याच तोंडून ठाऊक. म्हणजे तुमच्या चुलीवर निम्मं दुसऱ्याचं चालत होतं, आणि मी एक मिठाचा माणूस आणला तर मी चोरटा. याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. मी विचारलंही नाही, निघून गेलो.

परभणीत काय झालं ते तुम्हाला ढोबळ ठाऊक आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू काढणं-लावणं, मग रद्दीतून मिळालेली प्रोग्रॅमिंगची इंग्रजी पुस्तकं. एक शब्द अडला की डिक्शनरी, डिक्शनरीतला अडला की पुन्हा डिक्शनरी. मला कुणी शिकवलं नाही. कॉलेजचं तोंड मी फक्त तिथली मशीनं दुरुस्त करायला बघितलं. हे मी छाती काढून सांगतो आणि कुणाला आवडलं नाही तरी सांगतो.

तुम्ही एकदाच आलात माझ्या दुकानात. दवाखान्याला आला होतात, काका सोबत होते. स्टुलावर बसलात, टोपी गुडघ्यावर ठेवलीत आणि उघड्या मशीनकडं बराच वेळ बघून विचारलंत, "ह्यात चुली किती?"

मी म्हणालो, "दोन."

"आन् आचारी?"

"लय. शंभर-दीडशे तरी आसतील एका वेळी."

तुम्ही काकांकडं बघितलंत. "दोन चुलीवर दीडशे आचारी. मंग भांडनं व्हत आसतील."

"तीच मिटवायचं काम करतो मी," मी म्हणालो. काका म्हणाले, "म्हंजी आपलंच काम की. फकस्त धूर न्हाई." तुम्ही हसलात. त्या भेटीत तुम्ही तो विषय काढला नाहीत, मीही नाही. तुमच्या पाठीमागं भिंतीवर घड्याळ होतं, त्यात पावणेबारा वाजले होते, हे मला आठवतं. आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्ही विचारलेला तो प्रश्नच माझ्या धंद्याचं मर्म आहे, आप्पा. एका मशीनमध्ये दोन-चार प्रोसेसरच्या चुलींवर पुष्कळ कामं एकाच वेळी चालतात आणि त्यांची भांडी सामाईक असतात. दोन कामं एकाच वेळी एकच आकडा वाचतात, दोघांना तो आळणी लागतो, दोघंही मीठ टाकतात. दोघंही खरं बोलत असतात. हे कसं टाळायचं यावर जगातल्या हुशार माणसांनी आयुष्यं घातली आणि वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांत वेगवेगळे उपाय बसवले. आणि इथंच मला तुम्हाला गाठायचंय. त्यातली एकही भाषा अशी नाही, जिनं दुसरीच्या चुलीवरून काही आणलं नाही.

अर्लांग नावाची भाषा टेलिफोनच्या कामासाठी जन्मली. तिच्यात प्रत्येक कामगार आपली भांडी आपल्यापाशी ठेवतो, दुसऱ्याला हवं असेल तर त्यानं निरोप पाठवायचा, हात घालायचा नाही. सरळ सरळ चाचांचा मिठवाला. पुढं कित्येक भाषांनी तो आपापल्या घरी नेला. गो नावाच्या भाषेत हजारो छोटे कामगार असतात आणि ते नळीतून एकमेकांना माल देतात. नळीची कल्पना एका इंग्रज विद्वानाच्या जुन्या लिखाणातली, आणि गो करणारे ते उघड सांगतात. एखादं काम उकळी यायची वाट बघतंय, तर तोवर चूल अडवून ठेवायची नाही, दुसऱ्याला वापरू द्यायची. हे लिहिण्याची एक सोपी रीत एफ-शार्पमधून सी-शार्पमध्ये आली, तिथून पायथनमध्ये, जावास्क्रिप्टमध्ये, रस्टमध्ये. जावानं तर वर्षानुवर्षं जड कामगार पोसले आणि अलीकडं हलके ठेवायला लागली. पायथनच्या एका लहानशा लायब्ररीनं, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यानं, नियम केला की एका कामासाठी बोलावलेले सगळे कामगार परत आल्याशिवाय ते काम संपलं म्हणायचं नाही. कोटलिन आणि स्विफ्टमध्ये आज तोच विचार दिसतो. तुम्हीही सगळी माणसं जेवल्याशिवाय चुली विझवू देत नव्हतात. या सगळ्यांना चोरटे म्हणा. मोठमोठ्या पगाराची माणसं आहेत, म्हणा त्यांना.

रस्ट भाषेत नवीन काही घालायचं असेल तर एक लांबलचक अर्ज लिहावा लागतो. त्यात एक रकानाच आहे, ही गोष्ट याआधी कुणी, कुठं केली आहे, ते लिहा. पहिल्यांदा तो रकाना वाचला त्या दिवशी मला वाटलं, हा कागद घेऊन आपल्या घरी, ताडकळसला जावं आणि तुमच्यासमोर धरावा. पण तेव्हा तुम्ही नव्हतात.

तर जिनिंगचं सांगतो. इथल्या एका जिनिंग मिलमध्ये कापसाची आवक माझ्या प्रोग्रॅमवर चालते. उतरवायला सहा ओटे, दोन फाटकं, प्रत्येक फाटकावर एक कारकून आणि एक कॉम्प्युटर. पहिल्या हंगामात एका सकाळी दोन्ही कारकुनांनी बघितलं, चौथा ओटा रिकामा. दोघांनी ट्रॅक्टर सोडले. ओट्याकडं जाणारी वाट एका गाडीपुरती. दोन ट्रॅक्टर, प्रत्येकामागं दोन ट्रॉल्या, समोरासमोर. दोन ट्रॉल्यांसकट मागं कसं घेणार? ड्रायव्हर उतरले, एक म्हणाला तू घे मागं, दुसरा म्हणाला तुझ्या बापाचा रस्ता हाय का, आणि रांग थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. मॅनेजर मला म्हणाला, "तुमचा प्रोग्रॅम खोटं बोलायलाय." मी म्हणालो, "नाही. दोन्ही कॉम्प्युटर खरंच बोलायलेत." त्यानं मला वेड्यात काढलं. मला मात्र पोखर्णीकडचं वरण दिसत होतं.

चार दिवसांत मी सगळं नव्यानं लिहिलं. ओट्यांची यादी प्रोग्रॅममधल्या एकाच कामगाराच्या ताब्यात दिली, बाकीच्यांनी त्याला निरोप पाठवायचा. तेवढ्यानं टक्कर थांबली, पण आणखी एक भोक होतं. कारकून ओटा देतो, ओट्यावरचा मुकादम चहाला गेलेला असतो, आणि मधल्या वेळात ती गाडी कुणाचीच नसते. म्हणून मी दोन बटणं केली. कारकुनाच्या पडद्यावर "धर." मुकादमाच्या पडद्यावर "धरला." मुकादमानं धरला दाबेपर्यंत गाडी कारकुनाच्या नावावर, त्याला ती सोडता येत नाही. मुकादमाला दोन मिनिटांत समजलं. त्यानंतर सात हंगाम झाले, आप्पा. त्या वाटेवर एकदाही दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले नाहीत.

मागच्या महिन्यात मिल दुसऱ्या मालकाकडं गेली. त्यांनी पुण्याहून एक इंजिनिअर बाई पाठवल्या, तिशीच्या आतल्या. माझा प्रोग्रॅम ठेवायचा की फेकून विकतचा आणायचा, हे त्या ठरवणार होत्या. माझी दहा वर्षं त्यात गेलेली. त्या दोन दिवस ओळ न् ओळ वाचत बसल्या, मी समोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांना माझी एक फाईल सापडली. तिचं नाव "कुणाकडून काय." डावीकडं गोष्ट, उजवीकडं कुठून आणली. नळ्या: गो. वाट बघताना चूल सोडणं: पायथन, त्याआधी सी-शार्प, त्याआधी एफ-शार्प. यादी एकाच्याच ताब्यात: अर्लांग, आणि परभणीचे एक बावर्ची.

"सर, एवढं कुणी लिहून ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

"मी ठेवतो."

"बावर्ची म्हणजे?"

मी चाचांचं सांगितलं. त्या मनापासून हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. मग पडद्यावरच्या बटणांवर बोट ठेवलं. "आणि हे धर, धरला? ह्यात सगळ्यात जास्त विचार दिसतो. दोन्हीकडून कबुली येईपर्यंत जबाबदारी सुटतच नाही. हे यादीत कुठंच नाही. कुठून घेतलंत?"

मी म्हणालो, "हे माझं."

त्यांनी तसंच लिहून घेतलं. प्रोग्रॅम राहिला. जाताना त्या म्हणाल्या की त्या बटणांच्या विचारावरच त्यांचं मत ठरलं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, परत येऊन बसलो, आणि त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहितोय.

कारण आता ते सकाळचं बोलणं लिहायला पाहिजे. ताडकळसच्या लग्नात, चुली पेटायच्या आधी, मिठाच्या माणसाला बसवताना तुम्ही माझ्याजवळ आलात. रागात नव्हतात. बसलेल्या माणसाकडं बघून मान हलवलीत आणि विचारलंत, "ब्येस हाय की. कुनाचं हाय हे?" मी म्हणालो, "माझं." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. दुपारपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत होतात, पोराचं डोकं बघा. नवरीच्या बापालाही सांगितलंत. आणि मग देगवाला आला.

तुम्हाला चाचांचं वावडं नव्हतं. त्यांच्याकडून आणलं, याचाही राग नव्हता, हे मला आता दिसतं. भात मियाँचा म्हणून सांगणारा माणूस त्यावरून चिडणार नाही. तरी तुम्ही म्हणालात ते असंच, की दुसऱ्याच्या चुलीवरचं उचलून आणतोस. चारचौघांत, एक शब्द कमी-जास्त न करता. मी ते शब्द घेऊन पंचवीस वर्षं भांडलो. तुम्हाला म्हणायचं एक होतं आणि तुम्ही बोललात दुसरं, ही चूक तुमची. ती मी माझ्या अंगावर घेणार नाही.

माझी चूक वेगळी आहे. त्या दिवशी बोलून झाल्यावर तुम्ही कढईवरून झारा माझ्यापुढं केला होतात. "धर. पुऱ्या बघ," एवढंच म्हणालात. विषय तुमच्याकडून तिथंच संपला होता. मी हात पुढं केला नाही, वळलो आणि निघालो. काकांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं की त्यांनी घेऊ का विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, आणि शेवटची पंगत उठेपर्यंत एकटेच कढईवर उभे राहिलात.

फाईल समोर उघडी आहे. "धर, धरला" ही ओळ आज घातली आणि उजवीकडं लिहिलं: आप्पा, ताडकळस. त्या बाईंना अजून कळवलेलं नाही, कळवीन असंही म्हणत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते फाईलशेजारीच ठेवतो. चोरटा म्हणालात ते मला आजही मान्य नाही. झारा मात्र धरायला पाहिजे होता.